अर्जात मी ‘नाही’ लिहिलं

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “दारू घेता?”

मी गुडघे छातीशी घेऊन पलंगावर पडलो होतो. सकाळपासून आठ-दहा उलट्या झाल्या होत्या. बेंबीच्या वरून निघालेली कळ थेट पाठीत घुसत होती. अशा हालतीत माणूस खोटं बोलण्याइतका शुद्धीवर तरी असतो का, असं कुणालाही वाटेल. मी होतो.

“नाय डॉक्टर. हळदीला, लग्नाला कधीतरी. ती पण नावाला.”

माझी बायको ज्योती पलंगाच्या पायाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. ती चादरीची सुरकुती काढत राहिली.

खरं असं होतं की त्या वेळी मी सकाळी दात घासायच्या आधी घेत होतो. पहिल्या शिफ्टला निघताना मोटारसायकलच्या डिकीत पाण्याच्या बाटलीत असायची. हाताची थरथर थांबली की मग चहा. असं तीन वर्षं चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, “स्वादुपिंडाला सूज आलीय. बहुतेकांना हे दारूनं होतं, नाहीतर पित्ताशयातल्या खड्यांनी. तुम्ही घेत नाही म्हणता, तर खडे शोधू.”

दोन दिवस ते माझ्या पोटात खडे शोधत होते. दोनदा सोनोग्राफी झाली. सिस्टर मशीनकडे ढकलत नेताना म्हणायच्या, “काका, बारीक खडा असंल, सापडंल.” मी मान हलवायचो.

मी एवढं का लपवलं, ते सांगायला दोन महिने मागं जावं लागेल.

अर्ज

मी रमाकांत. जन्म गडबचा, घर आता वरश्याला. धाटावच्या एका रासायनिक कंपनीत मी एकोणीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. प्रेशर, तापमान, वायूची गळती, हे सगळं दाखवणारी यंत्रं नीट ठेवायची, हे माझं काम. ते मला चांगलं यायचं. पिऊनसुद्धा यायचं, आणि तिथंच घात झाला, कारण कुणाला कळलं नाही.

कंपनीला संरक्षण खात्याचं काम मिळालं. त्यासाठी वेगळी शेड बांधली, वेगळं कुंपण, वेगळं गेट. तिथं जाणाऱ्या बारा जणांची नावं निघाली आणि शिफ्टचा इन्चार्ज म्हणून माझं नाव पहिलं होतं. पण आधी वरून सुरक्षा मंजुरी यायला हवी होती. त्यासाठी एक लांबलचक अर्ज. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, की माहिती खोटी दिली किंवा दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल.

ऑफिसातल्या मॅडमनी आम्हा बाराही जणांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं, “जे असेल ते लिहा. केस झाली असेल तर झाली म्हणून लिहा. प्रत्येक गोष्टीनं नाव कापलं जात नाही. पण लपवू नका.”

बाराव्या रकान्यात प्रश्न होता, कधी कोर्टानं दंड केला आहे का? त्याच्या खाली, दारूच्या सवयीबद्दल कधी सल्ला किंवा उपचार घेतलेत का?

दोन वर्षांपूर्वी पेणजवळ मला मोटारसायकलवर पकडलं होतं. जोह्याहून, सासरच्या एका हळदीतून परतत होतो. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं. कोर्टात उभा राहिलो, दंड भरला, लायसन काही महिने जमा झालं. तेव्हा न्यायाधीशबाईंनी एका समुपदेशकाकडे जायला सांगितलं होतं, मी एकदा गेलोही होतो.

अर्ज घरी आणला. ज्योती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, “गो, ह्यात कोर्टाचं विचारलंय.”

“मग लिवा.”

“लिवलं तर नाव जाईल.”

“तुमीच सांगितलंत ना, मॅडम म्हणाल्या नाय जात म्हणून?”

“त्यांचं काय जातंय बोलायला?”

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. मी दोन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. अक्षर माझं नेहमी वळणदार येतं. त्या दिवशीही आलं.

ओळख देणाऱ्या दोन माणसांच्या सह्या हव्या होत्या. एक सही शेजारच्या नाना घरतांची घेतली. एसटीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. ज्योती त्यांना वडिलांसारखं मानते. नानांनी चष्मा लावून आख्खा अर्ज वाचला आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“रमाकांत, सोडलीस ना रे? खरं सांग.”

“सोडली नाना. तन्वीची शपथ.”

तन्वी माझी मुलगी. तेव्हा बारावीला होती. नानांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात चौकशीला हवालदार घरी आले, तेव्हा मी शिफ्टला होतो. त्यांनी ज्योतीला विचारलं. मी तिला आधीच पढवून ठेवलं होतं. ती अंगणवाडी सेविका आहे, अख्ख्या वरश्यात तिचा शब्द मानतात. ती म्हणाली, “नाय साहेब, घेत नाय ते.” त्यांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

मी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “आज माझं पण तोंड बाटवलंत तुमी.”

आता दवाखान्यात मी खरं का बोललो नाही ते लक्षात येईल. अर्ज वर गेला होता, उत्तर यायचं होतं, आणि दवाखान्याचे कागद रजेसाठी कंपनीत द्यावे लागणार होते.

तिसरी दुपार

रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की शरीर उलटतं. डॉक्टरांना ठाऊक असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं औषध सुरू केलं असतं. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरात असा आजारी माणूस असेल त्यानं माझं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचावं. डॉक्टरला खरं सांगा. पेशंट सांगत नसेल तर तुम्ही सांगा.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला येणाऱ्यांची वेळ होती. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याची सून मोसंबी सोलत होती. मला चादरीवर चिंबोऱ्या दिसायला लागल्या. आधी एक, मग सगळीकडे. काळ्या, चिखलानं भरलेल्या, नांग्या वर करून माझ्या अंगावर चढणाऱ्या. मी सलाईनची सुई उपटली. मला वाटलं, सोलणाऱ्या बाईच्या हातातली सुरी माझ्यासाठीच आहे. ज्योती मला आवरायला आली, तर मी तिचा हात धरून पिरगळला. हे मला आठवत नाही. पण त्यानंतरचा आवाज आठवतो. ती ओरडली नाही. तिच्या तोंडून फक्त श्वास सुटल्यासारखा आवाज आला.

तन्वी दारात डबा घेऊन उभी होती.

मला चार जणांनी धरलं, पट्ट्यांनी हात पलंगाला बांधले. डॉक्टर धावत आले तेव्हा ज्योतीनं मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून सांगितलं, “डॉक्टर, ते रोज घेतात. सकाळपासून. तीन वर्षं झाली. मी खोटं बोलले.”

डॉक्टरांशी ती खोटं बोललीच नव्हती. ती फक्त गप्प राहिली होती. पण तिनं ते असं सांगितलं.

चार दिवस आयसीयूत मी काय केलं ते मला इतरांकडून कळलं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी दोन दिवस तुमच्या पोटात दगड शोधत होतो हो,” ते म्हणाले. “त्या दोन दिवसांत तुम्ही जाऊ शकला असतात.”

त्या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट चांगली आठवते. एक वयस्कर आया रोज सकाळी माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची. माझे हात बांधलेले होते. ती काही विचारायची नाही, उपदेश करायची नाही. पुसून झालं की म्हणायची, “झालं बाबा.” त्या दोन शब्दांची मी वाट बघायचो.

ज्योतीच्या मनगटाला प्लास्टर आलं. तिनं अंगणवाडीत सांगितलं, न्हाणीघरात घसरले. माहेरी, जोह्याला, आईलाही तेच सांगितलं. माझ्यासाठी खोटं बोलायला तिला आता शिकवावं लागत नव्हतं.

दुसरं पान

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, “साहेब, कागदावरचा तो एक शब्द काढता येईल का?”

ते म्हणाले, “तो शब्द काढला तर कागदावर तुमचा आजारच उरत नाही.”

डिस्चार्ज कार्डाची दोन पानं होती. दारूचं सगळं दुसऱ्या पानावर होतं. मी कंपनीत फक्त पहिलं पान दिलं. शुद्धीत होतो, पोटात एक थेंब नव्हता, आणि तरी दिलं. पानाच्या खाली ‘दोनपैकी एक’ असं छापलेलं होतं, ते मला दिसलं नव्हतं. ऑफिसातल्या मॅडमना दिसलं. त्यांनी दवाखान्यातून दुसरं पान मागवायला मला पत्र दिलं.

मग एकेक धागा सुटत गेला. दुसरं पान आलं. त्यावरून अर्ज पुन्हा उघडला गेला, पेणच्या कोर्टातला दंड सापडला. सह्या करणाऱ्यांना विचारणा झाली.

नाना घरी आले. आत बोलावलं तर आले नाहीत, ओटीच्या पायरीवरच उभे राहिले.

“मला विचारलं, तुमी ह्याला कसं ओळखता? काय सांगू मी त्यांना?”

मी खाली बघत होतो.

“पोरीची शपथ घेतलीस रे,” नाना म्हणाले आणि परत फिरले.

ते ज्योतीशी आजही बोलतात. तन्वीला पेपरातल्या परीक्षांच्या जाहिराती कापून देतात. मी समोर आलो की त्यांना काहीतरी काम आठवतं.

गट

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पेणला आठवड्यातून एकदा जायला लागलो. तिथं दारू सोडणाऱ्यांचा गट भरतो. समुपदेशक दीपाताई चालवतात. दहा-बारा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक खडखडणारा पंखा. मिठागरावर काम केलेले एक दादा होते, ते दर वेळी एकच वाक्य बोलायचे, “आज नाय घेतली.” मग सगळे टाळ्या वाजवायचे. मला आधी हसू यायचं. नंतर मीही जोरात वाजवायला लागलो.

तिसऱ्या महिन्यात जोह्याला मेहुण्याच्या मुलीची हळद होती. मेहुण्याचा गणपतीचा कारखाना आहे, तिथंच अंगणात मांडव. मी जाऊ नये असं ज्योती म्हणत होती. मी गेलो. मांडवामागे, अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेत, कुणीतरी ग्लास पुढं केला आणि मी घेतला. एक घेतला, मग दोन. घरी कुणाला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात गटात गेलो तेव्हा माझी पाळी आली. मी तोंड उघडलं ते ‘आज नाय घेतली’ म्हणायला, आणि रडू फुटलं. सगळं सांगितलं. मांडव, ग्लास, दोन. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न पकडता मी खरं बोललो होतो. बाहेर पडलो तेव्हा पेणच्या स्टँडवर मी वडापाव घेऊन खाल्ला आणि त्याची चव लागली. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी चव लागली होती.

त्या दिवशी घरी जाऊन ज्योतीला सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. ती खुशीत दिसली, म्हटलं उद्या सांगू.

मुलाखत

सुरक्षा विभागाचे अधिकारी कंपनीत आले. मंजुरी नाकारण्याआधी मला म्हणणं मांडायची एक संधी होती. मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या, “रमाकांत, उपचाराचं पत्र घेऊन या. ते ऐकून घेतात.” दीपाताईंनी पत्र लिहून पाकीट चिकटवून दिलं. मी ते खिशात घालून नेलं आणि टेबलावर ठेवलं.

अधिकारी वयानं माझ्याएवढेच. मराठी चांगलं बोलत होते. कोर्टाच्या दंडाबद्दल विचारलं, मी कबूल केलं. अर्जात खोटं का लिहिलं विचारलं, मी म्हटलं भीती वाटली. दुसऱ्या पानाबद्दल विचारलं, तेही कबूल केलं. ते लिहून घेत होते, मान हलवत होते. मला वाटलं, जमतंय.

मग त्यांनी सहज विचारलं, “दवाखान्यातून आल्यापासून किती वेळा घेतलीत?”

“एकदाही नाही, साहेब. एक थेंब नाही.”

का म्हणालो, ते मी आजवर शोधतोय. मी पूर्ण शुद्धीत होतो. भीतीही तेवढी नव्हती. त्यांनी धमकावलं नव्हतं. खरं बोललो असतो तर फारसं बिघडलं नसतं, हे मला बसल्या जागी कळत होतं. उत्तर मी दिलंच नाही, ते आपोआप बाहेर पडलं, उचकी लागते तसं.

त्यांनी पाकीट फोडलं. वाचलं. मग कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दीपाताईंनी लिहिलं होतं, की उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात रमाकांत एकदा घसरले, पण त्यांनी ते कुणी न विचारता स्वतः गटात येऊन सांगितलं, आणि हा त्यांच्या सुधारणेतला सर्वांत आशादायक भाग मला वाटतो.

“हे तुम्हीच आणलंत ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

“दारूचं मी बघून घेतलं असतं,” ते म्हणाले. “वर्षभर थांबायला सांगितलं असतं, मग पुन्हा बोलावलं असतं. अशी माणसं आम्ही घेतो. पण त्या शेडमध्ये काही चुकलं तर पहिला फोन तुमचा यायला हवा. तुम्ही म्हणाल ‘सगळं ठीक आहे’, आणि त्यावर आत पंचवीस माणसं काम करत राहतील. मी तुमच्या कुठल्या शब्दावर सही करू?”

माझं सगळं आयुष्य यंत्रांचं रीडिंग तपासण्यात गेलं. बंद पडलेलं यंत्र आम्ही काढून बदलतो, त्याचं काही वाटत नाही. चुकीचा आकडा दाखवणारं यंत्र माणसं मारतं. हे मी नव्या मुलांना एकोणीस वर्षं शिकवलं.

मंजुरी नाकारली गेली. कारणात ‘मद्यपान’ नव्हतं. ‘माहिती दडवणे व वारंवार असत्य कथन’ असं होतं. अकरा जणांना पास मिळाले. मला कंपनीनं भांडारात बसवलं. हातमोजे, गॉगल, गमबूट द्यायचे आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ज्याला मी काम शिकवलं तो सुरेश आता तिथं इन्चार्ज आहे. तो हातमोजे न्यायला आला की माझ्याकडे न बघता सही करतो. त्यालाच लाज वाटते.

आता

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी ज्योतीला सगळं सांगावं लागलं, कारण निकाल लपणार नव्हता. हळदीचंही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे तिथं अनोळखी माणसांना सांगितलंत. मला नाय.” त्यावर ती रडलीही नाही.

तन्वीनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, “पप्पा, मला काय सांगायचं असंल तर मम्मीकडं सांगा. मी तिला विचारीन.” आवाज अगदी साधा होता. ती आता पनवेलला कॉलेजात आहे. फोन करते तेव्हा माझी तब्येत आईला विचारते. मी तिथंच बसलेला असतो.

त्या हळदीनंतर मी दारूला शिवलो नाही. अकरा महिने झाले. हे वाचणाऱ्यानं यावर विश्वास का ठेवावा, याचं माझ्याकडे उत्तर नाही. दर आठवड्याला मी पेणला जातो. गटात नवीन कुणी आला आणि त्यानं विचारलं की सोडल्यावर सगळं परत मिळतं का, तर मी गप्प बसतो. दीपाताई म्हणतात वेळ लागतो. लागत असेल. शरीर भरून आलं, भूक लागते, हात थरथरत नाहीत. पण हात थांबायला औषध होतं. आता मी वाक्य बोलायच्या आधी थांबतो, हे खरं आहे का असं स्वतःला विचारतो, आणि तोवर समोरचा माणूस माझ्या थांबण्याचाच अर्थ लावून मोकळा झालेला असतो.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या होत्या. रिपोर्ट घेऊन मी घरी आलो. सगळं नॉर्मल. यकृत, स्वादुपिंड, सगळं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली होती. रोह्याहून चालत आलो, कारण मला सावकाश यायचं होतं, कसं सांगायचं ते ठरवत.

ज्योती ओटीवर तांदूळ निवडत होती.

“गो, रिपोर्ट आला. सगळं चांगलं हाय.”

तिनं हात पुढं केला. “कागद बघू.”

मी दिला. तिनं दोन्ही पानं वाचली. पानाच्या खाली छापलेला पानांचा आकडा बघितला. मग कागदाच्या वर लॅबचा नंबर होता, तो तिनं मोबाइलवर लावला. माझं पूर्ण नाव सांगितलं, तारीख सांगितली, आणि विचारलं, “हा रिपोर्ट तुमीच दिलाय ना? तुमच्याकडं पण हेच आकडे हायत ना? एकदा वाचून दाखवा.”

पलीकडची मुलगी एकेक आकडा वाचत होती. ज्योती कागदावर बोट फिरवत होती, आणि प्रत्येक ओळीला “व्हय” म्हणत होती. मी चपला न काढता पायरीवर उभा राहिलो.